कोळी दाखवली आणि व्हायरस म्हणून औषध विकलं, माझ्या नावावर ९,६०० रुपये असे चढले

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार ज्यांना माहितीय त्यांना उन्हाळी मिरची म्हणजे काय ते सांगायला नको, मे महिन्यात मल्चिंगच्या प्लास्टिकवर रोप लावायचं, विहिरीच्या तळाचं पाणी ठिबकनं पुरवत पुरवत न्यायचं आणि जुलैत जे पहिले दोन तोडे निघतात त्यात पैसे करून घ्यायचे, पुढं सगळीकडची मिरची येते आणि भाव बसतो. त्यामुळं जूनमध्ये प्लॉट जरा जरी वाकडा दिसला की झोप उडते. मागच्या जूनमध्ये माझी उडाली होती.

एक एकर, चाळीसेक दिवसांचं पीक, एक नंबर प्लॉट. मृगाचे दोन पाऊस झाले आणि मग आठ दिवस नुसतं ढगाळ, दमट, ना ऊन ना पाऊस. कडेच्या दोन ओळींत शेंडे आखडायला लागले. आपल्या इकडं ह्याला एकच शब्द, कोकडा. कोणी बोकड्या म्हणतं, कोणी चुरडा-मुरडा, पण पान आकसलं की कोकडा, मग ते फुलकिड्यानं आकसू दे, कोळीनं, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या धुळीएवढ्या बारीक जिवानं आकसू दे, नाहीतर खरंच व्हायरसनं. माझा सगळा घोळ ह्या एका शब्दात झाला.

मी फोटो काढून शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "पाटील, नशीब बघा तुमचं, कंपनीचे साहेब आजच आलेत, प्लॉटवरच घेऊन जा." साहेब म्हणजे सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, कंपनीचा टी-शर्ट, पाठीला सॅक, मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिमट्यानं लावायची छोटी काच. वाकून शेंड्याचं पान तोडलं, उलटं केलं, काच टेकवली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. हिरव्या शिरा जाडजूड दिसत होत्या आणि त्यांच्या मधे पिवळसर पाण्यासारखे ठिपके, त्यातले दोन-तीन चक्क चालत होते.

"दादा, हे बघा. हा व्हायरस. ॲक्टिव्ह आहे अजून, पसरतोय."

आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. करोनात दोन वर्षं रोज टीव्हीवर ऐकलं की व्हायरस डोळ्याला दिसत नाही, त्याला बघायला फार मोठी मशीन लागते, आणि इथं मोबाईलच्या काचेतून पायानं चालणारा व्हायरस बघून मी मान हलवली. उलट मला वाटलं माणूस हुशार आहे, बाकीचे उभ्या उभ्या सांगतात, ह्यानं दाखवलं तरी. किडा मला त्यानंच दाखवला, पण नाव खोटं सांगितलं.

मग ती किट आली. एका खोक्यात पाच नग, दोन टॉनिकच्या बाटल्या, एक स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटवणारं पातळ, एक पावडरची पुडी आणि एक काळपट बाटली जिच्यावर पानाचं चित्र आणि मोठ्या अक्षरात व्हायरसचा नायनाट वगैरे. ३,८५० रुपये. वर "पांढरी माशी व्हायरस आणते" म्हणून कडक कीटकनाशक ९५० चं. माशी मिरचीचा पर्णगुच्छ व्हायरस आणते हे खरंय, म्हणून तर बोलणं पटलं. बिल मागितलं तर शेठ हसले, "उधारीवर बिल कसलं, तोडा झाला की मिटवू." वहीत लिहिलं, मला एक चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर नुसतं "किट + औ." आणि आकडा.

पहिल्या फवारणीनंतर दोन दिवस पान चमकलं. टॉनिकनं चमकतंच. पाचव्या दिवशी रोग कडेच्या दोन ओळींतून सात-आठ ओळींत गेला. फोन केला तर साहेब म्हणाले एका डोसनं व्हायरस ढिला पडतो, मरायला दुसरा पाहिजे. परत ३,८५० आणि परत ९५०. दुसऱ्या डोसनंतर अर्धा प्लॉट.

डोळे उघडले ते निंदायला आलेल्या एका मावशीमुळं. आम्ही गडी माणसं बांधावर उभं राहून वरून बघतो, बाया ओळीत बसून काम करतात, त्यांचं तोंड पानाच्या खालच्या बाजूला असतं. ती म्हणली, "दादा, पान खालून भाजल्यावानी झालंय, तांबूस, आन् हात लावला की मोडतंय." मी बसून बघितलं. खरंच, पानाची खालची बाजू तांबूस चकचकीत, तेलकट हात फिरवल्यासारखी, पान कडक. कडा खाली वळलेल्या, उलटी होडी ठेवावी तसं. आणि पानाचा देठ लांबच लांब, उंदराच्या शेपटीवानी.

संध्याकाळी भोकरदनला घड्याळ दुरुस्तीवाला ओळखीचा आहे त्याच्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं, दुसऱ्या दिवशी कोवळ्यातलं कोवळं पान उलटं करून उजेडाकडं धरलं. पहिले दोन मिनिट काहीच नाही. मग धूळ चालायला लागली. म्हणजे जी मी धूळ समजत होतो ती चालत होती, शिरेच्या कडेकडेनं.

शेंडे पिशवीत घालून जालन्याला खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली पान ठेवलं आणि मला बघायला लावलं. आठ पाय! किड्याला सहा असतात, हा किडाच नाही, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या, गोचिडाच्या खानदानातला. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. अंडी लांबट, काचेसारखी आणि त्यावर पांढऱ्या टिकल्यांच्या ओळी, एकदा बघितली की परत चुकणार नाही. आणि एक नर मादीच्या कोशाला पाठीवर घेऊन पळत होता, मॅडम म्हणाल्या हे असंच तिला उचलून नव्या शेंड्यावर नेतात, आणि ज्या पांढऱ्या माशीला मारायला तुम्ही औषध मारलं तिच्या पायाला धरून पण दुसऱ्या झाडावर जातात. मी दहा मिनिट डोळा काढला नाही. ९,६०० रुपयांची उधारी करून एवढं तरी बघायला मिळालं म्हणा.

पिवळी कोळी. आपल्याकडं पांढरी कोळी पण म्हणतात. उबदार दमट हवेत आठवड्याच्या आत नवीन पिढी तयार, म्हणून पाच दिवसांत सात ओळी. आणि मी मारलेलं कडक औषध कोळीवर चालतच नव्हतं, उलट कोळीला खाणारे जे मित्रकिडे असतात ते सगळे त्यानं मेले. मी पैसे देऊन तिच्यासाठी रान मोकळं करून दिलं होतं.

मॅडमनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. पानाच्या कडा वर वळून वाटी झाली आणि खाली चंदेरी ओरखडे असले तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबला, खालून तांबूस झालं तर पिवळी कोळी. पान बारीक, पिवळं, शिरा जाड, झाड गुच्छ होऊन बसलं आणि भिंगातून काहीच हलताना दिसलं नाही तर व्हायरसचा संशय, आणि व्हायरस असला तर जगात कोणतीच बाटली तो बरा करत नाही, झाड उपटून लांब नेऊन टाकायचं. दोन-तीन गोष्टी एकत्र पण असतात म्हणून एका झाडावर ठरवायचं नाही, प्लॉटभर फिरून वीस-पंचवीस शेंडे बघायचे. पिवळी कोळी कोवळ्या शेंड्यातच असते, खालचं जून पान बघून उपयोग नाही.

लाल कोळीचं वेगळंय. ती माझ्या बांधावरच्या झेंडूवर मे महिन्यापासून होती, मला वाटायचं उन्हानं पान पांढरं पडलं. कोरडं कडक ऊन तिला मानवतं. पानावर वरून बारीक पिवळे-पांढरे ठिपके, खालून जाळी, त्या जाळीला धूळ चिकटलेली. ती बघायला भिंग नसलं तरी चालतं, पांढऱ्या कागदावर पान झटकायचं, मिनिटभर थांबायचं, ठिपके चालायला लागले आणि बोटानं घासल्यावर रंगाची रेघ उठली की समजायचं. पुण्यात बहिणीच्या गॅलरीत गुलाबाचं हेच झालं होतं, तिला नर्सरीवाल्यानं खत कमी पडलं म्हणून तीन पुड्या विकल्या.

औषध मला हजाराच्या आत पडलं. लेबलवर मिरची आणि कोळी दोन्ही शब्द छापलेलं कोळीनाशक, दुसरं काही मिसळायचं नाही, नोझल खालून वर धरून पान खालून भिजवायचं, आणि पुढच्या वेळी लागलंच तर वेगळ्या रासायनिक गटातलं घ्यायचं. वाकडं झालेलं पान सरळ होत नाही, ते बघून परत घाबरायचं नाही, नवीन शेंडा बघायचा. आठ-दहा दिवसांत नवीन शेंडा सरळ निघाला. पण पहिल्या तोड्याला जिथं चार-पाच क्विंटल निघायला पाहिजे तिथं सव्वा क्विंटल निघाली, त्यात पण काही मिरच्या खरबरीत, व्यापाऱ्यानं बाजूला काढल्या.

घरी येऊन त्या काळ्या बाटलीचं मागचं लेबल पहिल्यांदा वाचलं. घटक म्हणून "वनस्पती अर्क", बास. नोंदणी नंबर नाही, बॅच नंबर नाही, आणि कीटकनाशकावर ती जी चौकोनी खूण असते अर्धी रंगीत, लाल पिवळी निळी नाहीतर हिरवी, ती पण नाही. कीटकनाशके कायदा १९६८ चा आहे, किडीचं औषध म्हणून विकायचं तर नोंदणी लागतेच. आणि टॉनिकवाली बायोस्टिम्युलंटं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलीत, त्यांच्यावर पण काय आहे ते छापायला लागतं.

पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडं गेलो. साहेब चांगले बोलले, पण पहिला प्रश्न पक्कं बिल कुठंय आणि दुसरा सीलबंद बाटली आहे का. फोडलेल्या बाटलीचं सॅम्पल घेता येत नाही म्हणाले. माझ्याकडं "किट + औ." लिहिलेली चिठ्ठी. तरी अर्ज दिला, पोच घेतली. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ नंबर पण त्यांनीच दिला, मराठीत बोलतात, फुकट आहे. हा फोन दुकानात जायच्या आधी लावला असता तर, जाऊ द्या.

शेठला विचारलं तर म्हणाले, "मी काय डॉक्टर आहे का, कंपनीच्या माणसानं सांगितलं ते दिलं." कंपनीच्या माणसाचा फोन बंद. मी म्हणलं ठीक आहे, मग किटचे पैसे कंपनीच्या माणसाकडूनच घ्या. बरीच बाचाबाची झाली, चार लोक जमले, शेवटी दुसऱ्या किटचे ३,८५० वहीतून खोडले, उरलेले ५,७५० मी तिसऱ्या तोड्यातून दिले आणि खोडलेल्या पानाचा फोटो काढून ठेवला. घड्याळवाल्याचं भिंग अजून माझ्याकडंच आहे, मोटारीच्या खोपीत खिळ्याला टांगलंय, तो दर बाजारी मागतो.