एमजीएलआरयू: फायदा खरा, पण चाचणी चुकली तर दिसत नाही

लिनक्स कर्नल ६.१ पासून (डिसेंबर २०२२) मल्टी-जेन एलआरयू (एमजीएलआरयू; एलआरयू म्हणजे सर्वांत जास्त काळ न वापरलेलं आधी काढणं) मुख्य शाखेत आहे. मेमरी कमी पडली की कुठली पेजेस (मेमरीचे छोटे ठराविक तुकडे) रॅममधून हाकलायची, याचा हा नवा हिशेब. जुन्या पद्धतीत ॲक्टिव्ह आणि इनॲक्टिव्ह अशा दोन याद्या. पेज अलीकडे वापरलंय का हे बघायला कर्नल एकेका पेजवरून उलटा पेज टेबलापर्यंत (कुठलं पेज रॅममध्ये कुठे आहे याची नोंदवही) जातो आणि त्यातच सीपीयू जळतो. नव्या पद्धतीत जास्तीत जास्त चार पिढ्या असतात, आणि पेज टेबल सरळ चाळून ॲक्सेस्ड बिट (पेज वापरल्याची खूण) घाऊक तपासले जातात. पॅचसोबत गूगलने केस्वॉपडीचा (मागे राहून पेजेस हाकलणारा कर्नलचा थ्रेड) सीपीयू वापर ४० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं होतं, पण तो क्रोमओएस आणि अँड्रॉइडवरचा अनुभव. तुमच्या सर्व्हरवर तोच आकडा धरू नका.

जुन्या-नव्या पद्धतीची तुलना एकाच कर्नलवर करा. सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्जची /sys डिरेक्टरी) एलआरयू-जेन डिरेक्टरीत 'इनेबल्ड' फाइल आहे. शेवटचा अंक ७ म्हणजे सगळं चालू, ० म्हणजे जुनी पद्धत. त्यात 'एन' (बंद) किंवा 'वाय' (चालू) लिहिलं की झालं, रीबूट नको. मात्र दर फेरीआधी चाचणीचा प्रोग्राम बंद करून सिंक, मग ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ (कॅशे रिकामा), मग स्वॉपऑफ-स्वॉपऑन (स्वॉप रिकामा). नाहीतर आधीच्या फेरीचा उष्टा कॅशे पुढच्या फेरीला फुकट मिळतो.

खरी गोम लोडमध्ये आहे. सगळा डेटा रॅममध्ये मावला तर रिक्लेम (पेजेस हाकलून मेमरी मोकळी करणं) होतच नाही, मग मोजणार काय? रॅमच्या तिप्पट घेतला तर दोन्ही पद्धती सारख्याच गटांगळ्या खातात. १.२ ते १.५ पटीपासून सुरुवात करा. एफआयओमध्ये (डिस्कच्या वाचन-लेखनाची चाचणी घेणारं साधन) रँडम वाचन समान वाटणीचं ठेवू नका. सगळी पेजेस सारखीच गरम असतील तर कुठलाही एलआरयू काय निवडणार? झिफ वाटणी (थोडी पेजेस वारंवार, बाकीची क्वचित) घ्या. एममॅप (फाइल मेमरीत जोडून वाचणं) आणि साधं रीड वेगवेगळं तपासा, कारण रीडने वाचलेल्या पेजची नोंद पेज टेबलात होत नाही. या बाजूची एक दुरुस्ती ६.७ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या कर्नलवरचे फाइल कॅशेचे निकाल जपून वाचा.

मेमरी कमी करायला सी-ग्रुपची (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणारी यंत्रणा) मेमरी-मॅक्स सोयीची, पण इथे बरेच जण फसतात. त्या मर्यादेमुळे होणारा रिक्लेम मेमरी मागणारा प्रोसेस स्वतःच करतो, केस्वॉपडी जागाच होत नाही. मग 'केस्वॉपडीत फरक नाही' असा निकाल निघतो. केस्वॉपडी मोजायचा तर बूट करताना 'मेम=४जी' द्या.

आकडे /proc मधल्या व्हीएमस्टॅट फाइलमधून घ्या: वर्किंगसेट-रिफॉल्ट (हाकलल्यावर परत आणावी लागलेली पेजेस; अनॉन म्हणजे प्रोग्रामची स्वतःची मेमरी आणि फाइल वेगळे), पीजीस्कॅन (तपासलेली पेजेस), पीजीस्टील (मोकळी केलेली पेजेस). स्कॅनच्या मानाने स्टील कमी म्हणजे मेहनत वाया. सी-ग्रुपच्या चाचणीत हेच आकडे त्याच्या मेमरी-स्टॅटमधून वाचा. पीएसआयमध्ये (मेमरीअभावी प्रोसेस किती खोळंबले याचं माप) 'टोटल'चा फरक घ्या, ॲव्हरेज-१० (दहा सेकंदांची सरासरी) छोटे झटके पुसून टाकतं. किमान पाच फेऱ्या, आणि मध्यक.

४ ते ८ जीबीचा लॅपटॉप, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॉप) आणि वीसेक टॅब असतील तर जरूर चालू करा. रॅम मुबलक असलेल्या डेटाबेस सर्व्हरवर रिक्लेमच क्वचित होतो, तिथे फरक शोधत बसू नका. डेस्कटॉपवर मिन-टीटीएल (इतक्या वेळात वापरलेली पेजेस हाकलू नयेत अशी सेटिंग) १००० मिलिसेकंद ठेवा, मूळ किंमत ० असते. ३००० केलं तर अडखळणं आणखी कमी जाणवतं, पण ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) लवकर हात उगारू शकतो. रीबूटनंतर ही किंमत पुसली जाते, म्हणून सिस्टमडीच्या टेम्पफाइल्समध्ये ओळ टाकून ठेवा.