बॉर्डर दिसत होती, पण कापली जात नव्हती

देवगडात माझं बोर्ड आणि स्टिकरचं छोटं दुकान आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेटीवर स्वतःच्या बागेचं नाव हवं म्हणणारे बागायतदार आमच्याकडे जास्त येऊ लागले. आंब्याच्या आकारात कापलेला, कडेने दोन मिलिमीटर पांढरी बॉर्डर असलेला स्टिकर सगळ्यांनाच आवडतो.

गेल्या हंगामात 42 बागांचं काम एकदम आलं. हाताशी वेळ नव्हता, म्हणून व्हॉट्सअॅपवर ओळख झालेल्या एका डिझायनरला ते दिलं. एका डिझाइनचे 250 रुपये, बॉर्डर आणि कटलाइन (मशीनने जिच्यावरून कापायचं ती रेघ) यांच्यासकट 'कट-रेडी' फाइल, असं ठरलं. त्याने तीन नमुने आधी पाठवले. मी ते उघडून पाहिले, प्लॉटरवर, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनवर, कापूनही पाहिले. काम अगदी सुबक होतं. मग निम्मे पैसे दिले. चार दिवसांनी त्याने बाकी 39 डिझाइनचे स्क्रीनशॉट पाठवले आणि 'उरलेले पैसे टाका, लगेच फाइली सोडतो' म्हणाला. तेही दिले. सगळे मिळून 10,500 रुपये.

फाइली आल्या. छपाई कणकवलीहून करून आणली आणि शीट प्लॉटरवर चढवली. ब्लेड जागचं हललं नाही. आमच्या पोराने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र निवडून आउटलाइन लावली, तर सगळ्या चित्राभोवती चौकट आली. तो म्हणाला, "दादा, मशीन चौकोनच कापता, कित्याक?" तेव्हा मी व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम, म्हणजे रंग काढून नुसत्या रेघा दाखवणारं दृश्य, लावलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आंब्याभोवती एकही रेघ नव्हती, नुसतं चौकोनी चित्र. पांढरी बॉर्डर आणि तिच्याबाहेरची लाल कटलाइन दोन्ही जेपीजी चित्राच्या आतच रंगवलेल्या होत्या. डोळ्यांना बॉर्डर दिसते, प्लॉटरला दिसत नाही, कारण त्याला मार्ग म्हणून वक्र रेघ लागते आणि चित्रातले ठिपके त्याच्या काही उपयोगाचे नसतात.

ऑटो ट्रेसही, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरनेच रेघ काढणंही, करून पाहिलं. चित्र कमी रिझोल्यूशनचं, त्यामुळे कडेच्या रेघेवर शेकडो नोड (रेघ जिथे वळते ते बिंदू) आले. ब्लेड अडखळत गेलं आणि विनाइल फाटलं. दोन शीट वाया गेली. शेवटी मी आणि पोराने तीन रात्री जागून एकेक आंबा हाताने ट्रेस केला आणि कंटूर टूलने बाहेरच्या बाजूला दोन मिलिमीटर वाढवून बॉर्डर घातली. तोवर एका काकांचा माल वाशीच्या गाडीत चढला होता, स्टिकरशिवाय. वर्षभर बाग राखणाऱ्या माणसाच्या पेटीवर नाव नसणं काय असतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ते रागावले असते तरी बरं झालं असतं.

फोन केला तेव्हा नंबर बंद होता. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर मी चार दिवसांनी तक्रार केली, ही माझी मोठी चूक. त्याच दिवशी फोन केला तर पैसे बँकेत अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. माझे अजून परत आलेले नाहीत.

आता स्क्रीनशॉटवर मी एक रुपयाही देत नाही. यादीतलं मधलंच एखादं नाव मी निवडतो आणि आधी त्याची फाइल मागतो. ती वायरफ्रेममध्ये बघतो, बॉर्डरवर क्लिक करून खालच्या पट्टीत 'कर्व्ह' येतं की 'बिटमॅप' ते वाचतो, आणि कटलाइन ओढून चित्रापासून वेगळी होते का तेही पाहतो. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. नमुना त्याने निवडलेला असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण माझ्याकडे आलेले तिन्ही नमुने खरे होते.

मागच्या आठवड्यात राजापूरच्या एका दुकानदाराने मला तीन फाइली पाठवून विचारलं, "माणूस बरा वाटतो, काम देऊ का?" नंबर नवा होता. डिझाइन माझ्याच गिऱ्हाइकांची होती, फक्त बागांची नावं बदललेली.