दोन मिनिटांचं काम

2007 च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला यायचे होते. घरात एक छोटी सेडान, मागच्या सीटवर दोन मुलांच्या दोन कार सीट. त्यात आणखी दोन माणसं बसवायची कुठे? म्हणून जुनी पण मोठी गाडी शोधायला लागलो. नवीन गाडीचा विचार परवडणारा नव्हता. रूट 22 वर दोन्ही बाजूंनी जुन्या गाड्यांचे लॉट आहेत, त्यातल्या एका लॉटवर फोर्ड कंपनीची 1998 ची एक एसयूव्ही सापडली. 1,12,000 मैल झालेले, रंग थोडा उडालेला, आत सात-आठ माणसं आरामात. किंमत घासाघीस करून 6,200 डॉलर.

मी अगदीच भोळा नव्हतो, हे आधी सांगून ठेवतो. ऑफिसातल्या एका मित्राने बजावलं होतं, ‘त्या वर्षांच्या त्या गाड्यांना क्रूझ कंट्रोलच्या स्विचमुळे आगी लागल्यात. रिकॉल, म्हणजे कंपनीने परत बोलावून फुकट करून दिलेली दुरुस्ती, झालाय का ते विचार.’ मी विचारलं. सेल्समनने ड्रॉवर उघडला आणि एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. अधिकृत डीलरची, नोव्हेंबर 2005 ची वर्क ऑर्डर. त्यावर रिकॉलचा क्रमांक, 05एस28. गाडीचा नंबर, म्हणजे 17 अक्षरी व्हिन, मी तिथेच दारावरच्या स्टिकरशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिला. जुळला. सेल्समन कौतुकाने बघत होता. ‘इतकं कोणी बघत नाही,’ म्हणाला. मला बरंच वाटलं.

मग टेस्ट ड्राइव्ह. हायवेवर गाडी ताशी साठ मैलांवर आणून त्याने स्वतः स्टिअरिंगवरचं बटण दाबायला लावलं. ‘पाय काढा.’ काढला. गाडी साठवर धावत राहिली. ‘आमच्याकडे आली तेव्हा क्रूझ लागत नव्हता,’ तो म्हणाला, ‘आमच्या माणसाने दोन मिनिटांत नीट केला.’

हे वाक्य त्याने अभिमानाने सांगितलं आणि मी खूश होऊन ऐकलं. फसवणूक झाली ती या वाक्यात. तीही लपवूनछपवून नाही, मला सांगून.

जुलैत आम्ही नायगाराला गेलो. जाताना जवळपास चारशे मैल. आय-81 वर मी बराच वेळ क्रूझवरच होतो. बाबांना त्याची मोठी गंमत वाटत होती. माझा पाय खाली मोकळा आहे का हे ते मधूनमधून वाकून बघायचे. घरी आल्यावर गाडी गॅरेजमध्ये. आमच्या टाउनहाऊसचं गॅरेज घरालाच जोडलेलं आणि त्याच्या बरोबर वर आई-बाबांची खोली. तीन महिने ती गाडी रोज रात्री त्यांच्या पलंगाखाली उभी होती.

ऑगस्टमध्ये बातमी आली की याच स्विचसाठी आणखी 36 लाख गाड्या परत बोलावल्यात. बायकोने विचारलं, ‘आपली झालीय ना?’ मी म्हटलं, ‘कागद आहे की.’ तिने तो मागून घेतला. मी व्हिन बघितला होता, तिने कागद बघितला. ‘हा खालून कापलाय का रे? ग्राहकाची सही कुठेय? टेक्निशियनची?’ खरंच, शेवटची छापील ओळ अर्ध्यावर तुटली होती. अक्षरांची फक्त डोकी दिसत होती. झेरॉक्स काढताना कागद सरकला असेल, असं मी म्हणालो. तरी दुसऱ्या दिवशी अधिकृत डीलरकडे गेलो.

सर्व्हिस काउंटरवरच्या बाईंनी व्हिन टाकला. स्क्रीन वाचत म्हणाल्या, ‘तुमचं फक्त पहिलं काम झालंय. दुसऱ्यासाठी गाडी आलेलीच नाही. तुमचा क्रूझ बंद असेल ना?’

‘नाही, मस्त चालतो.’

त्यांनी टाइप करणं थांबवलं. ‘चालायला नको,’ म्हणाल्या.

सप्टेंबर 2005 मध्ये हा रिकॉल जाहीर झाला तेव्हा दुरुस्तीचा भाग सगळ्यांना पुरेल इतका तयारच नव्हता. म्हणून डीलरांना सांगितलं गेलं की तूर्तास स्विचचा कनेक्टर काढून ठेवा. क्रूझ चालणार नाही, ब्रेकला काही होत नाही, आणि आगीचा धोका जातो. भाग आला की मालकाने परत यायचं. माझ्या आधीच्या मालकाने पहिलं काम करून घेतलं आणि तो परत गेला नाही. कापलेल्या ओळीत नेमकं तेच लिहिलेलं होतं: तात्पुरता उपाय, कनेक्टर काढला, भाग आल्यावर ग्राहकाने यावं. डीलरने मला त्यांच्या फाइलमधली पूर्ण प्रत काढून दिली. म्हणजे माझ्याकडचा कागद खोटा नव्हता. खरा होता, दोन इंच कमी.

मेकॅनिकने बॉनेट उघडून मला बोलावलं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अंगठ्याएवढा एक स्विच आटे फिरवून बसवलेला. त्याच्या शेपटीला कनेक्टर घट्ट खोचलेला. कनेक्टरच्या वायरवर चिकटपट्टीचा जुना डिंक राहिला होता, त्यावर धूळ बसून काळा खरखरीत पट्टा झाला होता. ‘इथे टेप गुंडाळून बाजूला बांधलेला असणार,’ तो म्हणाला. ‘कोणीतरी टेप सोलली आणि परत खोचला.’ मग त्याने दोन बोटांनी कनेक्टर ओढून काढला आणि पुन्हा बसवून दाखवला. टक् असा आवाज. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

स्विच कोरडा होता, गळती नव्हती. नशीब.

संध्याकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता. ‘गाडी बंद, चावी तुझ्या खिशात. मग आग लागायला करंट येतो कुठून?’ लाख मोलाचा प्रश्न, आणि हे प्रकरण इतकं वाईट का आहे याचं उत्तर त्यातच आहे. ब्रेक जोरात दाबला की क्रूझ नक्की सुटावा म्हणून हा जादा स्विच बसवलेला. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइलचा दाब, दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, आणि मध्ये कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ पटलांचा पडदा. ब्रेक दाबला की पडदा दाबला जाणार, सोडला की मागे येणार. हजारो वेळा असं होऊन पडद्याला चीर गेली की ऑइल झिरपून विजेच्या बाजूला जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. अशा ऑइलमध्ये संपर्क गंजतात, करंट वाकड्या वाटेने स्विचच्या धातूच्या अंगाकडे जायला लागतो आणि तिथे गरम होत जातं. स्विचचा मागचा भाग प्लॅस्टिकचा. बाहेर सांडलेलं ऑइलही पेटणारं. आणि या गाड्यांत त्या स्विचला बॅटरीचा करंट चोवीस तास होता, चावी असो वा नसो. मेन फ्यूज उडेल म्हणावं तर तो इतर गोष्टीही सांभाळणारा, मोठा. स्विच वितळेपर्यंत गरम व्हायला लागेल इतका करंट त्याला काहीच वाटत नाही. म्हणून तर यातल्या कित्येक गाड्या उभ्या असताना, मालक झोपेत असताना पेटल्या.

बाबा ऐकून नुसते ‘हं’ म्हणाले. आई त्या रात्री हॉलमध्ये झोपली. कारण मात्र गरम होतंय असं सांगितलं.

हे काही दुर्मीळ प्रकरण नव्हतं. फोर्डच्या गाड्यांमधला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बनवलेला हा स्विच. पहिला रिकॉल 1999 मध्ये झाला, 1992-93 च्या क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस आणि टाउन कार या गाड्यांचा, पावणेतीन लाखांच्या आसपास. जानेवारी 2005 मध्ये आठेक लाख, त्याच सप्टेंबरात एफ-150, एक्सपेडिशन, नॅव्हिगेटर, ब्रॉन्को मिळून 38 लाख, 2006 मध्ये 12 लाख, 2007 मध्ये ते 36 लाख, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये विंडस्टार मिनीव्हॅनपासून रेंजरपर्यंत आणखी 45 लाख. सगळं मिळून एक कोटी चाळीस लाखांच्या वर. इतक्या गाड्या आणि प्रत्येकीची दुरुस्ती दोन टप्प्यांत होण्याची शक्यता. त्या मधल्या टप्प्यावर किती गाड्या विकल्या गेल्या असतील याचा विचार मी अनेकदा केलाय.

लॉटवर गेलो. सेल्समन तोच, हसू तेच. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याने पूर्ण प्रत नीट वाचली, बहुतेक पहिल्यांदाच, आणि म्हणाला, ‘रिकॉल झाला होता, मी तेच सांगितलं. तुम्ही विचारलंत, मी कागद दाखवला.’ कापलेल्या ओळीबद्दल: ‘आमचं झेरॉक्स मशीन जुनं आहे.’ कनेक्टरबद्दल: ‘बंद पडलेली वस्तू आम्ही चालू केली. त्याचीच तक्रार?’ या शेवटच्या वाक्याला मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो. नंतर गाडीत बसल्यावर दहा सुचली.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. न्यू जर्सीत जुन्या गाड्यांसाठी लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, आहे, पण तो सात वर्षांपर्यंतच्या आणि एक लाख मैलांच्या आतल्या गाड्यांना. माझी दोन्हीकडून बाहेर. गाडी ‘जशी आहे तशी’ विकलेली. काचेवर चिकटवलेल्या बायर्स गाइडवर, म्हणजे खरेदीदारासाठीच्या माहितीपत्रकावर, तर स्पष्ट छापलेलं असतं की तोंडी आश्वासनं वसूल करणं कठीण असतं, सगळं लिहून घ्या. तो कागद मी वाचला होता. तिथेच उभा राहून, व्हिन ताडताना. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार पाठवली. दोन महिन्यांनी लॉटचं उत्तर आलं, त्यात पुन्हा झेरॉक्स मशीन. कनेक्टर नक्की कोणी खोचला हे मी सिद्ध करू शकत नव्हतो, आणि आग लागली नव्हती, म्हणजे नुकसान शून्य. आग लागली असती तरच माझी केस भक्कम झाली असती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. रिकॉल बाकी असलेली नवीन गाडी डीलरला विकता येत नाही, पण जुनी गाडी विकणाऱ्यावर तसं केंद्रीय बंधन नव्हतं. आजही नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना 2016 पासून आहे, लॉटवाल्याला नाही. म्हणजे त्याने काहीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्याने सांगितलं ते मी विचारलं म्हणून, आणि माझ्या प्रश्नाला पुरेल इतकंच.

आता जुनी गाडी घेणाऱ्या कोणीही मला विचारलं तर मी कागदाबद्दल बोलतच नाही. विकणाऱ्याने दिलेला कागद हा त्याचा कागद. व्हिन घ्या आणि त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत डीलरच्या सर्व्हिस काउंटरला फोन करा. प्रश्न ‘रिकॉल झाला का’ असा विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’ येऊ शकतं, मला आलं होतं. ‘अंतिम काम झालंय का, कुठल्या तारखेला, काय बसवलं’ असं विचारा. 2014 पासून एनएचटीएसए, म्हणजे केंद्राच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर व्हिन टाकून बाकी रिकॉल फुकट बघता येतात. पण तिथे पंधरा वर्षांहून जुने रिकॉल दिसतीलच असं नाही, आणि हा स्विच नेमका तसल्या जुन्या गाड्यांत आहे. तिथे फोनच बरा. आणि मेकॅनिकला बॉनेट उघडायला लावा. या रिकॉलमध्ये स्विच आणि मूळ वायर यांच्यामध्ये स्वतःचा छोटा फ्यूज असलेला वायरिंगचा एक तुकडा जोडतात. तो तुकडा दिसला तर काम झालं. नसेल आणि तरीही क्रूझ लागत असेल, तर तिथेच कनेक्टर काढा आणि गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा.

‘आमच्या माणसाने नीट केला’ असं कोणी म्हटलं की मी आता विचारतो, आधी तो बंद कोणी केला होता, आणि का?

माझ्या गाडीला तो तुकडा दोन दिवसांनी बसला. तासाभराचं काम, खर्च शून्य. मधले दोन दिवस गाडी रस्त्यावर उभी होती, कनेक्टर काढून. बाबा सकाळी उठून खिडकीतून आधी तिच्याकडे बघायचे.

2011 मध्ये ती विकली. घ्यायला आलेला मुलगा शिकणारा होता, मित्रांबरोबर लांब कुठेतरी निघाला होता. मी दोन्ही वर्क ऑर्डर, 2005 ची पूर्ण प्रत आणि 2007 ची, फोल्डरमध्ये घालून दिल्या, बॉनेट उघडून तो फ्यूजचा तुकडा बोटाने दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, फोल्डर न उघडता काखेत धरलं आणि विचारलं, ‘पण क्रूझ लागतो ना?’