'२५ वर्षांची गॅरंटी' असलेलं सोन्याचं घड्याळ

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, एका दुकानदाराने मखमली फडक्यातून काढलेलं वॉल्थम या अमेरिकन कंपनीचं पॉकेट वॉच माझ्या तळहातावर ठेवलं. "चौदा कॅरेट आहे साहेब, आटवलं तरी पैसे सुटतील." आतल्या झाकणावरची कोरलेली ओळ त्यानेच वाचून दाखवली, 'गॅरंटीड २५ इयर्स', आणि म्हणाला, "बघा, कंपनीची गॅरंटी."

मला पटलं. तरी पारखून घ्यावं म्हणून शेजारच्या गल्लीतल्या कॅरेट मीटरवर, म्हणजे किरण सोडून सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. आकडा आला ५८.४ टक्के सोनं, म्हणजे चौदा कॅरेटच. मी ९५ हजार मोजले.

आठवड्याभराने आमच्या सराफांनी कडीखालच्या मानेवर, दिसणार नाही अशा जागी, कानस फिरवली आणि तेजाबाचा थेंब सोडला. हिरवा फेस आला. आत पितळ! तो हिरवा रंग बघून माझ्या पोटात गोळा आला.

ती गॅरंटी घड्याळाची नव्हतीच. पितळेच्या दोन्ही अंगांना सोन्याचा पत्रा चढवलेल्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर, अमेरिकन कारखाने अशी वर्षं कोरत. तेवढ्या काळात सोनं झिजून पितळ उघडं पडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. भरीव सोन्याला वर्षं कशाला लागतील? मीटरही खोटं बोललं नव्हतं. त्याचे किरण वरचे काही मायक्रॉनच वाचतात आणि जुन्या केसवरचा पत्रा त्याहून जाड असू शकतो.

दुकानदार म्हणाला, "आकडा तुम्हीच पाहिलात ना?" पैसे परत मिळाले नाहीत.

घड्याळाच्या आतल्या मशीनवर कोरलेला नंबर खरा निघाला, याच्यावरही भुलू नका. अमेरिकेत तेव्हा गिऱ्हाईक मशीन एक आणि केस दुसरी निवडायचं, त्यामुळे नंबर केसबद्दल काहीच सांगत नाही. 'गोल्ड फिल्ड', 'रोल्ड गोल्ड' किंवा वर्षांचा आकडा दिसला, तर सोन्याच्या भावाने एक रुपयाही देऊ नका. जुन्या स्विस केसवर अठरा कॅरेटला हेल्वेशियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) मस्तक आणि चौदाला खार असे बारीक शिक्के असतात. भिंग घेऊनच जा. आणि सोन्याचं वजन सांगत असतील, तर मशीन आणि काच काढून नुसती केस काट्यावर ठेवायला लावा. आतलं धूळझाकण बऱ्याचदा पितळेचंच असतं, तेही बाजूला काढायला सांगा.