वरचा सिलिंडर एका मापाचा, खालचा दुसऱ्या: जुन्या गाडीच्या हायड्रॉलिक क्लचचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी 2003 सालची, आठ आसनी, डिझेलवर चालणारी. अमळनेरहून शेतावर, बाजाराला पारोळ्यात आणि महिन्यातून एकदा चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढून संभाजीनगरला मुलीकडे, एवढाच तिचा वावर. गेल्या ऑक्टोबरात दिवाळीच्या तोंडावर तिच्या क्लचचे वरचे व खालचे, म्हणजे मास्टर आणि स्लेव्ह, असे दोन्ही सिलिंडर बदलले. त्यानंतर आठ महिने आणि जवळपास नऊ हजार किलोमीटर झाल्यावर हे लिहीत आहे. सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण दोन्ही वस्तू घडणीत चांगल्या होत्या आणि आजवर त्यांपैकी एकीतूनही थेंब गळलेला नाही. बिघाड होता तो त्यांच्या जोडीत. पेडल दाबले की वरच्यातला पिस्टन तेल पाइपमधून खालच्याकडे ढकलतो आणि त्या दाबाने खालच्याचा रॉड पुढे येऊन क्लच सोडवतो.

वरचा सिलिंडर गाडीच्या मॉडेलप्रमाणे बरोबर मिळाला. खालचा मात्र त्या दिवशी दुकानात नव्हता, म्हणून काउंटरवरच्या माणसाने त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा पुढे केला. बोल्टची भोके जुळत होती, पाइपचा नट सरळ बसला, रबरी बूटही सारखेच दिसत होते. ‘बसतो ना, मग चालतो’ हे आपल्याकडचे सर्वमान्य प्रमाणपत्र त्याला मिळाले आणि सिलिंडर गाडीखाली गेला.

पहिल्याच दिवशी पेडल इतके हलके लागले की मी मिस्तरीचे कौतुक केले. जुना क्लच दाबताना मांडी भरून यायची, आता पायाचा अंगठाही पुरत होता. चार दिवसांनी घरासमोर गाडी मागे घेताना रिव्हर्स कर्रकन वाजला. पुढे पुढे थंड इंजिनवर गिअर पडे, पण बाजारातल्या गर्दीत अर्धा तास गाडी रेंगाळली की पेडल तळाला टेकवूनही पहिला गिअर अडून बसे आणि इंजिन बंद करूनच तो टाकावा लागे. क्लच पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पुरते वेगळे होत नव्हते, एवढे उघड होते.

अशा वेळी सगळ्यांचे बोट पाइपातल्या तेलात अडकलेल्या हवेकडे जाते. खालच्या सिलिंडरच्या हवा काढायच्या निपलला प्लॅस्टिकची नळी लावून, तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून आम्ही तीन महिन्यांत चार वेळा हवा काढली. तिसऱ्या खेपेला नळीतून एकही बुडबुडा आला नाही, तरी चौथी खेप झालीच. रबरी होज दाबाखाली फुगत असेल म्हणून तोही बदलला. जानेवारीत मी स्वतः एक उद्योग केला: पेडलची हालचाल पुरत नसेल या समजुतीने वरच्या सिलिंडरच्या पुशरॉडचा, म्हणजे पेडलने पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याचा, लॉकनट सोडून रॉड दोन आटे लांब केला. थोडा फरक पडल्यासारखे वाटले. या दोन आट्यांची किंमत पुढे एप्रिलमध्ये मोजली.

फेब्रुवारीत धुळ्याला कामासाठी गेलो असता एका वयस्कर मिस्तरीला गाडी दाखवली. त्यांनी हवेचे नावही काढले नाही. मला पेडल दाबून धरायला सांगून ते गाडीखाली सरकले, खालच्या सिलिंडरच्या रॉडवर खडूने खूण केली आणि स्टीलची पट्टी लावून पाहिली. रॉड बारा मिलिमीटरही पुढे येत नव्हता. मग चिंधीने सिलिंडरवरचे ग्रीस पुसले, तेव्हा ओतीव धातूत उठावाने आलेले 13/16 हे आकडे दिसले. वरच्यावर 5/8 होते. पट्टी खिशात ठेवत ते इतकेच म्हणाले, “दादा, हाई जोडी जमाव नही.”

हे आकडे म्हणजे सिलिंडरच्या आतल्या छिद्राचा व्यास, इंचात. घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. वरचे 5/8 म्हणजे 15.87 मिमी, पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण 198 चौरस मिमी. माझ्या पेडलने तो पिस्टन 20 मिमी सरकतो, म्हणजे प्रत्येक दाबाला जेमतेम चार घन सेंटिमीटर तेल खाली जाते. मूळ खालचा सिलिंडर 11/16 चा, म्हणजे 17.46 मिमीचा होता. तेवढ्या तेलाने त्याचा रॉड साडेसोळा मिमी पुढे येतो. नव्याचा व्यास 20.64 मिमी, त्यामुळे तेच तेल रुंद जागेत पसरते आणि रॉड 11.8 मिमीवर थांबतो. व्यासात फरक तीन मिमीचा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे रॉडची चाल जवळपास 28 टक्क्यांनी घटली होती. ज्या हलक्या पेडलचे मी कौतुक केले, ते याच तुटीचे दुसरे रूप होते: जोर जितका कमी लागत होता, तितकेच रॉडचे अंतर कमी पडत होते. शेतातल्या पहारीचा टेकू सरकवला की जे घडते, तेच इथे तेलाच्या रूपाने घडले होते आणि ते ओळखायला मला चार महिने लागले.

11/16 चा सिलिंडर जळगावात मिळाला. बसवल्यावर पेडल पुन्हा पूर्वीसारखे जड झाले, रॉड सोळा मिमीच्या वर येऊ लागला आणि रिव्हर्स आवाज न करता पडू लागला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुशरॉडचे ते दोन आटे ना मी मिस्तरींना सांगितले, ना मला स्वतःला आठवले.

एप्रिलमध्ये दुपारी कन्नड घाटात वाहनांच्या रांगेत अडकलो. वीस-पंचवीस मिनिटे क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करत चढल्यावर इंजिनचा आवाज वाढू लागला, पण गाडी वेग घेईना आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास आत आला. या वेळी रोग नेमका उलटा होता: आधी क्लच सुटत नव्हता, आता धरत नव्हता. गाडी कडेला घेऊन धुळ्याला फोन केला. मिस्तरींनी दहा नंबरच्या पान्याने खालचे निपल क्षणभर सैल करायला सांगितले. निपल सुटताच, पेडलवर कोणाचा पाय नसताना, तेलाची पिचकारी उडाली. निपल आवळून गाडी सुरू केली, तर क्लचने घट्ट पकड घेतली.

कारण असे की पाय उचलल्यावर वरचा पिस्टन पूर्ण मागे येतो, तेव्हाच वरच्या तेलाच्या टाकीकडे जाणारे ठिपक्याएवढे छिद्र उघडे राहते आणि तापून फुगलेले तेल त्यातून परत वर जाते. मी रॉड लांब केल्यामुळे पिस्टन मागे येऊनही ते छिद्र झाकलेलेच राहत होते आणि फुगलेले तेल खालचा रॉड पुढे ढकलून क्लच अर्धवट दाबलेला ठेवत होते. हिवाळ्यात जवळच्या फेऱ्यांत हे जाणवले नाही. शिवाय तेव्हा खालचा सिलिंडर रुंद असल्याने फुगलेल्या तेलाने रॉड फारसा हलतही नव्हता. योग्य माप बसले, ऊन वाढले आणि माझी जुनी चूक उघडी पडली. त्याच संध्याकाळी रॉड मूळ जागी आणून पिस्टन व रॉड यांच्यात मिलिमीटरभर फट ठेवली, म्हणजे बोटाने पेडल हलवले तर सुरुवातीला किंचित रिकामी चाल लागते. घाटात उडालेले ब्रेक ऑइल मी नीट पुसले नव्हते; हातावरचा थेंब दाराला लागून तिथला रंग सोलवटला, तो डाग अजून आहे.

त्यानंतर मेच्या उन्हात याच घाटातून दोन फेऱ्या झाल्या आणि क्लचने कुरकुर केली नाही. टाकीतले तेल डॉट 4 प्रतीचे ब्रेक ऑइल आहे. ते आता थोडे काळपट दिसते, म्हणून पावसाळ्याआधी बदलणार आहे. जळलेल्या प्लेटचे आयुष्य किती घटले, हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळणार नाही. खालच्या मूळ सिलिंडरवर मी व्हर्निअर लावून व्यास मोजला असता, तर हा सारा खर्च वाचला असता; पण तो मी ऑक्टोबरातच भंगारात दिला होता. 13/16 चा सिलिंडर दुकानदाराने परत घेतला नाही. त्यावर पांढऱ्या रंगाने माप लिहून तो फडताळात ठेवला आहे. ज्याच्या गाडीला खरोखर तेच माप लागते, त्याने घेऊन जावा.