‘बुकिंग आहे’ एवढ्यावर थांबू नका

इंदूरमध्ये लग्नाच्या पाहुण्यांसाठी हॉटेलच्या खोल्या कुणा मधल्या माणसाकरवी घेत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात आमचे एक लाख रुपये असे गेले. चौकशी करणारी माणसंही या फसवणुकीत सापडतात. आम्ही हॉटेलला फोन करून विचारलं होतं. ‘हां जी, बुकिंग है’ असं तिथून उत्तर आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मुलाकडचं वऱ्हाड पुण्याहून येणार होतं. जानवसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, चांगला हवा, व्याह्यांना काही कमी पडायला नको, हा माझ्या भावाचा एकच ध्यास. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली की इथे मुहूर्तांची झुंबड उडते. विजयनगरपासून छोट्या ग्वालटोलीपर्यंत एका ठिकाणी वीस खोल्या मिळणं अवघड, आणि मिळाल्या तर भाव दीडपट. अशा वेळी कार्यालयात एका ओळखीच्यांनी खोल्या मिळवून देणाऱ्या या माणसाचा नंबर दिला. तो मराठी बोलणारा, चाळिशीचा, अदबीनं वागणारा. घरी येऊन चहा घेतला, रामबागेतल्या दोन-चार घरांची नावं सांगितली. ‘‘आत्या, आपल्या माणसांचं लग्न म्हणजे माझ्या घरचं कार्य. मी वर्षभर हॉटेलवाल्यांना धंदा देतो, म्हणून मला भाव वेगळा मिळतो,’’ असं म्हणाला. हे बोलणं खरं वाटण्यासारखंच होतं, कारण लग्नसराईत असं काम प्रामाणिकपणे करणारेही लोक आहेत.

वीस खोल्या, दोन रात्री, नाश्त्यासह 2,200 रुपये भाव. म्हणजे 88,000. त्यावर त्यानं 18 टक्के जीएसटी लावला, वरचे 3,840 ‘मुलीकडून काय घ्यायचे’ म्हणत सोडून दिले आणि एक लाख ठरवले. अर्धे लगेच, अर्धे कन्फर्मेशन हातात आल्यावर.

कन्फर्मेशन खरोखरच आलं. दोन हॉटेलं, बुकिंग नंबर, तारखा, माझ्या भावाचं नाव. भाच्यानं दोन्हीकडे फोन करून नंबर जुळवून पाहिले, दोन्हीकडे जुळले. मग उरलेले पन्नास हजार गेले.

आता आत काय होतं ते सांगते. हॉटेल बुकिंगच्या अॅपवर ‘पैसे हॉटेलात भरा’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत मोफत रद्द करा’ अशी सोय असते. त्यानं सगळ्या खोल्या तशाच घेतल्या होत्या, एक रुपयाही न भरता. नाव आमचं घातलं, मोबाइल आणि ईमेल स्वतःचा. आम्हाला जे चित्र पाठवलं, त्याचा खालचा भाग कापलेला होता. भरायची रक्कम आणि रद्द करायची मुदत तिथेच छापलेली असते. मुदत संपायच्या आत त्यानं सगळं रद्द करून टाकलं. रद्द झाल्याचा निरोप अर्थातच त्याच्याच मोबाइलवर गेला. हॉटेलचं काही बुडालं नाही, अॅपचं बुडालं नाही, त्याचाही काही खर्च झाला नाही.

आम्हाला कळलं ते लग्नाच्या आठवड्यात. पाहुणे सकाळी लवकर उतरणार म्हणून खोल्या आधी उघडून मिळतील का, हे विचारायला आणि सगळ्यांच्या आधारच्या प्रती द्यायला भाचा काउंटरवर गेला. ‘‘वो तो कैंसल हो गई सर.’’ त्या माणसाला फोन लावला तर म्हणे हॉटेलनं जास्त बुकिंग घेतलंय, रिफंड सात दिवसांत येईल. संध्याकाळपासून फोन बंद. माझा भाऊ त्या रात्री जेवला नाही. पैशांपेक्षा व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याला खात होतं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मुलीच्या बापाची काळजी नेमकी कुठे असते हे ओळखून त्या माणसानं आम्हाला लुटलं.

खोल्या मग दक्षिण तुकोगंज आणि सरवटे स्टँडच्या बाजूला तुकड्या-तुकड्यांनी मिळाल्या. म्हातारी माणसं रामबाग आणि लोकमान्य नगरातल्या नातेवाइकांकडे राहिली. मुलाकडच्यांनी समजून घेतलं, एका शब्दानं बोलले नाहीत. ते उपकार आम्ही विसरणार नाही.

1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा फोन आधी करायचा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आमचे पैसे केव्हाच काढले गेले होते. ठाण्यावर ‘ये तो लेन-देन का मामला है’ असं ऐकावं लागलं. रद्द केल्याच्या तारखा आणि कापलेलं चित्र समोर ठेवल्यावर अर्ज घेतला गेला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, ते अर्जात लिहा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. हॉटेलकडून रद्द झाल्याचं पत्र मिळालं तर जरूर घ्या, आमच्या अर्जाला वजन त्यानंच आलं.

त्याच्या बिलाबद्दलही सांगायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. बिलावरचा जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, आणि मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा असेल तर सुरुवात 23 नं होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तो फुकट तपासता येतो. त्याच्या बिलावरचा नंबर तिथे सापडलाच नाही.

दुसऱ्या वेळी भाच्यानं प्रत्येक काउंटरवर स्वतः पैसे भरले, हॉटेलच्या नावाची पावती घेतली आणि नोंदीत आपला मोबाइल घालून घेतला. मधला माणूस भरवशाचा असला तरी त्याचा मोबदला त्याला वेगळा द्या, खोल्यांचे पैसे हॉटेलच्या खात्यात जाऊ द्या. याला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून खोल्या घेऊ नका.

आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबं शहरात निघाली आहेत, आणि तो माणूस नव्या नंबरवरून पुढच्या मुहूर्तांच्या खोल्या देतोय, असं कानावर आलंय. तुम्ही कुणाला असे पैसे दिले असतील, तर आजच हॉटेलच्या काउंटरवर जा. बुकिंग आहे का, हे विचारू नका. आमच्या नावावर किती रुपये जमा आहेत, रद्द करायची शेवटची तारीख कोणती आणि नोंदीत मोबाइल कुणाचा आहे, एवढं विचारा.