कटिंगचा मार्कर काढून देणारी सेवा : साध्या कापडाला बिनधास्त, चौकड्याला जपून

शाळेच्या गणवेशांचं आमचं सोलापुरातलं युनिट लहान आहे. बारा मशिनं, वीस फुटी कटिंग टेबल आणि कटिंगला मास्तर. गर्बर, लेक्ट्रा या कंपन्यांची कटिंगची सॉफ्टवेअरं घेणं आम्हाला झेपणारं नाही, म्हणून या सीझनला फर्मे (कपड्याच्या तुकड्यांचे नमुने) स्कॅन करून मार्कर, म्हणजे कापडावर कुठला तुकडा कुठे बसवायचा याचा कागदी आराखडा, काढून देणाऱ्या एका सेवेकडे गेले. मार्करमागे दीडशे रुपये, प्लॉटरचा कागद वेगळा.

मला वाटलं होतं, फायदा तुकडे खेटून बसवण्यात असेल. तो झाला, पण थोडाच. मास्तरांचा हात तसाही घट्ट आहे. खरं कापड वाचलं ते कुठले साइज एकत्र लावायचे या हिशेबात. ऑर्डर 480 शर्टांची होती : 24 आणि 34 नंबर प्रत्येकी 40, 26 आणि 32 प्रत्येकी 80, 28 आणि 30 प्रत्येकी 120. मास्तर दोन-दोन साइजच्या जोड्या लावतात, म्हणजे तीन ले (एकावर एक थर अंथरून एकदम कापायचे थप्पे) आणि एकूण 240 थर. यांनी दोनच ले दिले : 26-28-30-32 चा 80 थरांचा, 24-28-30-34 चा 40 थरांचा. झाले 120. थरामागे दोन्ही टोकांना इंच-इंच कापड सोडावं लागतं. थर निम्मे झाले तसे 240 इंच, म्हणजे सहा मीटर कापड तिथेच हाताशी राहिलं. वीस फुटी टेबल आम्ही इतकी वर्षं अर्धंच वापरत होतो, हेही तेव्हाच कळलं.

आता रडगाणं. ताक्यावर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 58 इंच लिहिलं होतं, मी 58 कळवलं, त्यांनी 58 धरलं. काठ सोडून वापरता येणारा पन्हा किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्यात दोन ताके 57 चेच निघाले. टोकाच्या बाह्या थेट काठावरच्या टाचणीच्या भोकांत गेल्या. मास्तरांना आयतीच संधी मिळाली : "ताई, कंप्युटरनं ताका हातात घेऊन बघितलाय का?"

चौकड्याच्या शर्टांचं तर विचारू नका. जागा वाचवायला त्यांनी कॉलर उभ्या धाग्यापासून जराशी तिरकी बसवली होती. साध्या पांढऱ्यात ते लपलं असतं. चौकड्यात रेघ चाललीय कुठे ते शाळेच्या शिपायालाही दिसेल. खिसा आणि पुढचा भाग जुळवण्याचाही पत्ता नव्हता. तक्रार केल्यावर मार्कर त्याच संध्याकाळी फुकट बदलून दिला, हे मात्र मान्य करायला हवं. पण तोवर 40 थर कापून झाले होते.

पुढच्या ऑर्डरला मी ताके आधी मोजून पन्ह्याप्रमाणे वेगळे लावले, काठ वजा केला आणि प्रत्येक गठ्ठ्याचा आकडा वेगळा पाठवला. एकही बाही वाया गेली नाही. चौकडा अजून मास्तरच खडूनं आखतात.